काचेवरचा अंगठा

पुसूकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. बाकी अख्खा रॉकेट तळ त्यांना पुसूकाकाच म्हणायचा, कारण गेली सव्वीस वर्षं ते पुसत होते. काय पुसत होते, तर काच. रॉकेटच्या दोन अंगांना दोन जाडजूड बूस्टर लावलेले असतात. पहिली दोन मिनिटं ते जिवाच्या आकांताने रॉकेट वर ढकलतात आणि काम संपलं की त्यांना वाटेतच सोडून दिलं जातं. गरज सरो, वैद्य मरो. त्यातल्या उजव्या बूस्टरवर साबणाच्या वडीएवढा कॅमेरा बसवलेला असतो आणि कॅमेऱ्यापुढे, चार बोटांवर, तळहाताएवढी जाड काच. उड्डाणाच्या आधी ती काच शेवटची पुसायची आणि कागदावर ‘काच स्वच्छ’ या चौकटीत सही करायची, एवढंच पुसूकाकांचं काम. तेवढं ते चोख करत. तळावर आपल्या कामाबद्दल असं सांगू शकतील अशी माणसं फार नव्हती, आणि जी होती त्यांना बढती मिळालेली नव्हती.

रॉकेट वर जाताना सगळं जग बघतं. टाळ्या वाजतात, साहेब लोक एकमेकांना मिठ्या मारतात, ज्यांनी काही केलेलं नसतं त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पुसूकाकांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव होता तो पडण्यात. बूस्टर सुटला की कॅमेरा चालूच असतो. आधी रॉकेट एक ठिपका होऊन निघून जातं, मागे वळूनही बघत नाही. मग बूस्टर कोलांट्या घ्यायला लागतो. काळं आकाश, सूर्य, निळा समुद्र. पुन्हा काळं, सूर्य, निळं. वर हवाच नसते, म्हणून सगळं गपगार. मग हळूहळू हवा लागायला लागते आणि तो रिकामा लोखंडी देह कण्हायला लागतो, जुनं दार कुरकुरावं तसा. शेवटी पॅराशूट, धप्पकन समुद्र, हिरवं पाणी, बुडबुडे. आठ मिनिटं. जहाज जाऊन बूस्टर ओढून आणायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं जायचं, आणि पुसूकाका जेवणाच्या सुट्टीत एकटे बसून ती आठ मिनिटं बघायचे. बत्तीस उड्डाणं, बत्तीस वेळा पडणं, आणि एकदाही काचेवर एक डाग नाही. आपण हे करतो, याचा त्यांना अभिमान होता. तो कोणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच.

या अभिमानाची किंमत त्यांच्या अंगठ्याने दिली होती. हातमोजे घातले की काचेवरचा कण बोटाला कळत नाही, म्हणून ते उघड्या हाताने पुसायचे, आणि पुसायचं द्रावण होतं जालीम. सव्वीस वर्षांत त्याने अंगठ्यावरच्या सगळ्या रेघा खाऊन टाकल्या. अंगठा कसा, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आणि कोरडा. अकरा वर्षांपूर्वी तळाच्या दारात अंगठा लावून हजेरी घेणारं यंत्र बसलं, तेव्हापासून ते यंत्र रोज सकाळी पुसूकाकांना ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत होतं. शेवटी हजेरीवाल्या बाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळी वही घातली. अख्ख्या तळावर एकाच माणसाची वही.

“काका, यंत्राच्या हिशेबाने तुम्ही अकरा वर्षं कामाला आलेलाच नाहीत,” बाई म्हणायच्या.

“आलो नाही तरी काम होतंय ना? मग साहेबांसारखंच झालं की,” काका म्हणायचे आणि सही करायचे.

साहेब लोकांना अर्थात यंत्रापुढे अंगठा लावावा लागत नसे. त्यांच्यासाठी वेगळं दार होतं.

तर तेहतिसाव्या उड्डाणाच्या आदल्या सकाळी पुसूकाका पाळण्यातून वर गेले. पाळणा म्हणजे माणसांना बूस्टरच्या उंचीपर्यंत नेणारा लोखंडी पिंजरा. त्यांनी काच पुसली, आडवा प्रकाश टाकून बघितली, पुन्हा पुसली, सही केली. तेवढ्यात खालून गलका झाला आणि पाळणा काकांसकट खाली बोलावला गेला. मोठे साहेब येत होते. मोठे साहेब तळाचे प्रमुख होऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्यांचे जेवढे फोटो निघाले तेवढे तळावरच्या सगळ्या रॉकेटांचे मिळून निघाले नसतील. ते फोटोवाल्यांना घेऊन काकांच्याच पाळण्यातून वर आले. सोबत त्यांचे शिष्टाचार अधिकारी होते. या गृहस्थांचं काम साहेबांच्या दोन पावलं मागे चालायचं आणि साहेब हसले की हसायचं.

“हाच तो डोळा?” मोठे साहेब म्हणाले, आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी उजवा अंगठा काचेच्या बरोब्बर मध्यभागी दाबला. घोड्याच्या कपाळावर थाप मारतात तसा. फोटोवाले म्हणाले, अजून एकदा. साहेबांनी अजून एकदा दाबला. नुकताच त्यांनी नाश्ता उरकला होता आणि रुमाल वापरायची त्यांना सवय नव्हती.

पुसूकाका पुढे सरसावले. त्यांनी खिशातून फडकं काढलं.

“काय करताय?” शिष्टाचार अधिकारी कानाशी कुजबुजले.

“पुसतोय.”

“साहेबांचा हात लागला आणि लगेच पुसायचं? त्यांच्यासमोर? कसं दिसेल ते!”

“मग ते गेले की पुसतो.”

“गेले की पुसा,” अधिकारी उदार मनाने म्हणाले. पण पाळण्याने सगळ्यांना, काकांनाही, एकाच फेरीत खाली आणलं, मग पाळणा साहेबांच्या स्वागताच्या फुलांनी भरला, आणि तो काही परत वर आला नाही. पुसूकाका दोन तास खाली पाळण्याची परवानगी मागत फिरले. सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘काच स्वच्छ’वर तुमची सही झालेली आहे, झालेल्या कामासाठी पाळणा मिळत नाही. कागदावर काच स्वच्छ होती. काचेचं मत कोणी विचारलं नाही.

मोठ्या साहेबांनी एक नवी प्रथा पाडली होती. कार्ड आलं की आधी कोणी बघायचं नाही, थेट मोठ्या सभागृहात लावायचं, वाहिन्यांवरून साऱ्या जगाला दाखवायचं. लपवाछपवी नाही. तिसऱ्या दिवशी दिवे मालवले, पडदा उजळला, बूस्टर सुटला, आणि सूर्य समोर आल्याबरोबर अख्ख्या पृथ्वीवर एक भलामोठा अंगठा उमटला. वेटोळ्यावर वेटोळी, रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

वाहिनीवर बोलायला एक हवामानतज्ज्ञ बसवले होते. ते गप्प कसे राहतील? उचलली जीभ लावली टाळ्याला. “समुद्रावर एक अत्यंत दुर्मीळ चक्रीवादळ दिसतं आहे,” ते म्हणाले. “त्याचा केंद्रबिंदू किती रेखीव आहे बघा.” तेवढ्यात बूस्टरने कोलांटी घेतली आणि चक्रीवादळ समुद्र सोडून काळ्या आकाशात आलं. मग सूर्यावर आलं. मग पॅराशूटवर. शेवटी ते समुद्राच्या आत बुडबुड्यांत सुद्धा होतं. तज्ज्ञांनी पाण्याचा घोट घेतला आणि “यावर संशोधन व्हायला हवं” असं म्हणून ते मोकळे झाले.

पुसूकाका मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते. तेहतिसावं पडणं, आणि त्यातलं त्यांना काहीच धड दिसलं नाही. आईच्या फोटोवर कोणी शाई सांडावी तसं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष, मोठे साहेब. सचिव, शिष्टाचार अधिकारी. समितीने शाईची गादी मागवली आणि त्रेचाळीस कामगारांना रांगेत उभं करून त्यांचे अंगठे घेतले. एकाचाही ठसा जुळला नाही. पुसूकाकांच्या अंगठ्याचा तर कागदावर नुसता काळा गोळा उठला. समितीने अहवालात लिहिलं, ‘ठसा संशयास्पदरीत्या अस्पष्ट.’ साहेबांचा अंगठा घ्यावा असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि ज्यांच्या मनात आलं त्यांना घरी बायकापोरं होती.

दुपारी शिष्टाचार अधिकाऱ्यांनी पुसूकाकांना खोलीत बोलावून खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच काकांनी ओळखलं, आता आपली धडगत नाही.

“काका, पाळण्यात त्या दिवशी कोण कोण होतं ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे,” अधिकारी म्हणाले. “पण कागदावर एकच सही आहे. दोन रस्ते आहेत. तुम्ही ‘चुकून माझा हात लागला’ असं लिहून द्या. एक समजपत्र मिळेल, फाइल बंद. काच तुमच्याकडेच.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर काच पुसायचं काम बाहेरच्या कंपनीला. त्यांच्याकडे यंत्र आहे. तुम्ही उरलेली दोन वर्षं कोठारात पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवा.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण फाशीचं काय, तिची सवय होते. काच गेली तर काय उरणार होतं? पुसूकाकांनी डोळ्यांसमोर ते यंत्र आणून बघितलं, कोरडे ब्रश, कण काचेवरून घासत नेणारे. त्यांनी लिहून दिलं. खाली सही केली. अधिकारी म्हणाले, अंगठाही द्या, रीत आहे. काकांनी अंगठा दिला. काळा गोळा. शेजारीच चित्रफितीतला तो वेटोळ्यांचा ठसा छापलेला होता. समितीने दोन्ही नीट बघून लिहिलं, ‘ठसे जुळतात,’ आणि मोठ्या साहेबांनी त्याखाली हिरव्या शाईने सही ठोकली.

“अहो, तुमच्या अंगठ्याला ठसा आहे कुठे?” बायकोने घरी विचारलं. ती पुसूकाकांइतकंच कमी बोलायची, पण तिचं बोलणं जास्त लागायचं. “हे त्या शहाण्यांना कळत नाही?”

“कळतं गं. कळूनच केलंय.”

“आणि तुम्ही लिहून दिलंत.”

“काच राहिली ना,” काका म्हणाले. बायकोने पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांना तेच जास्त लागलं.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. पुढे मात्र जगाने घोळ घातला. तळाने ‘एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असं पत्रक काढलं, आणि लोकांना तो निष्काळजीपणाच आवडला. एका सामान्य माणसाचा अंगठा, आणि त्याच्याआड सगळी पृथ्वी! लोकांनी ती चित्रफीत कोट्यवधी वेळा बघितली. तो ठसा सदऱ्यांवर आला, कपांवर आला, शाळांच्या भिंतींवर आला. एका प्राध्यापकांनी चाळीस पानी लेख लिहून सांगितलं की विज्ञानाच्या छातीवर श्रमिकाने ठेवलेला हा हात आहे. हवामानतज्ज्ञ म्हणाले, मला पहिल्या क्षणीच संशय आला होता. पुसूकाकांना पत्रं येऊ लागली, पोत्याने.

मोठ्या साहेबांचा इकडे जीव खालीवर. आयुष्यभर ज्या कीर्तीसाठी फोटो काढून घेतले ती कीर्ती शेवटी आली, त्यांच्याच अंगठ्यावर आली, आणि गेली कोणाकडे, तर फडकंवाल्याकडे! ‘तो अंगठा माझा आहे’ असं ओरडून सांगावंसं त्यांना वाटत असणार. पण खाली हिरवी सही त्यांचीच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण साहेब मुरलेले होते. कीर्ती आपली होत नसेल तर तिच्या शेजारी तरी उभं राहावं, हे त्यांना कळत होतं. आठवड्याभरात हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक उड्डाणाआधी, प्रमुखांच्या उपस्थितीत, पुसूकाका काचेवर अंगठा उमटवतील. ही तळाची परंपरा राहील.

“आणि पुसायचं कधी?” काकांनी विचारलं.

“पुसायचं नाही!” शिष्टाचार अधिकारी हबकून म्हणाले. “मूर्ख आहात का? अंगठा उमटवायचा. फलक छापून झालेत.”

त्या संध्याकाळी पुसूकाका घरी आले ते चपलाही न काढता बसून राहिले. काच हातात राहावी म्हणून त्यांनी खोटं लिहून दिलं होतं, आणि आता तीच काच त्यांना स्वतःच्या हाताने बरबटवायची होती, एकदा नाही, निवृत्त होईपर्यंत दर वेळी. त्यांना रडूच फुटलं. बायकोने त्यांना सव्वीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

“एवढं काय होतं एका अंगठ्याने?” ती म्हणाली.

“काय होतं? थांब, दाखवतो.” काकांनी तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. तिचा चष्मा रोज सकाळी तेच पुसायचे. त्याच्या काचेवर त्यांनी रागाने अंगठा दाबला, चांगला घट्ट, आणि चष्मा तिच्या नाकावर ठेवला. “दिसतंय काही? असं होतं!”

बायकोने खिडकीकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

“मला तर सगळं लख्ख दिसतंय,” ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढून दिव्यापुढे धरला, आडवा, तिरका. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं, तो कोणा दुसऱ्याचा असावा तसा. आणि मग ते असे हसायला लागले की शेजारणीने दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

चौतिसाव्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी पाळण्यात एवढी गर्दी झाली की त्याच्या साखळ्या करकरल्या. पुसूकाका सगळ्यांच्या आधी तासभर येऊन काच पुसून बसले होते. अंगठाही त्यांनी द्रावणात तीनदा धुऊन खडखडीत वाळवला होता. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दाबा काका, इतिहास घडवा!” काकांनी अंगठा दाबला. फोटोवाले म्हणाले, अजून एकदा. काकांनी अजून एकदा दाबला, हवा तितका वेळ. सगळे एकमेकांच्या कॅमेऱ्यांकडे बघत होते. काचेकडे एकानेही बघितलं नाही. गर्दी उतरायला लागली तसं काकांनी कागद काढला आणि ‘काच स्वच्छ’ या चौकटीत सही केली. तो कागदही कोणी वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं. भिंतींवर वेटोळ्यांचे फलक. पुसूकाकांना पहिल्या रांगेत, साहेबांशेजारी बसवलं होतं. मागे बायको, तिच्या बाजूला हजेरीवाल्या बाई. दिवे गेले. रॉकेट ठिपका होऊन निघून गेलं. सूर्य समोर आला.

आणि काहीच उमटलं नाही. काळं आकाश, सूर्य, समुद्र, सगळं इतकं नितळ की पुढच्या रांगेतल्यांनी खुर्चीचे हात धरले.

“ठसा कुठे आहे?” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“दाबला की, साहेब. दोनदा. फोटो आहेत.”

“मग दिसत का नाही?”

“दिसेल कसा?” मागून हजेरीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अकरा वर्षं रांगा आवरून तयार झालेला होता, सभागृहाच्या टोकापर्यंत गेला. “त्यांच्या अंगठ्याला ठसाच नाही. अकरा वर्षं यंत्र घेत नाही त्यांचा अंगठा. वेगळी वही आहे माझ्याकडे. आणू का?”

मग एका वार्ताहराने, जे लहान मूलही विचारेल ते विचारलं. “मग मागचा ठसा कोणाचा होता?”

सगळ्या माना वळल्या. चौकशी समितीचे सचिव आपल्या बुटांकडे बघत होते. अध्यक्षांचा उजवा हात, अगदी सहज, कोटाच्या खिशात गेला. हे सगळ्यांनी बघितलं, आणि वाहिन्यांनी तर जवळून बघितलं. वार्ताहर उठला, त्याच्यामागे आणखी चार उठले.

“काका, तुम्ही सांगा!” एकजण ओरडला. “तुम्ही होतात ना तिथे? कोणी लावला होता हात?”

पुसूकाकांचं लक्ष नव्हतं. बूस्टरला हवा लागली होती, लोखंड कण्हायला लागलं होतं, आणि पडद्यावर एक कण नव्हता, एक रेघ नव्हती.

“नंतर सांगतो, सगळं सांगतो,” ते मागे न बघता म्हणाले. “आता खाली बसा बघू. समुद्र येतोय.”

आणि लोक बसले. मोठे साहेबही बसून राहिले. बूस्टर पाण्यात पडेपर्यंत त्यांना उठून जाता आलं नाही, आणि त्यांचा उजवा हात तोवर खिशाबाहेर आला नाही.